चित्रकथांतील वीर व त्यांचे धनी

ह्या वार्षिकाच्या मुखपृष्ठासाठी चित्रे पाठवावीत अशी सूचना आम्ही वर्गावर्गांतून फिरविली, तेव्हा पन्हाळा, रंकाळा, उगवता सूर्य आणि उघडे पुस्तक हे विषय येणार हे आम्ही गृहीत धरले होते. ते आलेही. परंतु त्या गठ्ठ्यात आठवीच्या एका विद्यार्थ्याचे चित्र अगदी निराळे निघाले. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या लांबच लांब पत्र्याच्या शेड, त्यांमागे धुराडे, दूरवर महामार्गावरील मालमोटारींची रांग, आणि दोन शेडींच्या मधोमध, कोळ्याच्या जाळ्याच्या एका धाग्यास लोंबकळणारा, तांबड्या-निळ्या पोशाखातील स्पायडर-मॅन! हात इतका सफाईदार की, आम्ही संपादक मंडळातील सर्वांनी एकमुखाने तेच चित्र निवडले.

निवड झाल्यावर आमच्यापैकीच एकाने शंका काढली. हा स्पायडर-मॅन आपल्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर छापण्याचा आपणांस अधिकार आहे काय? थोडा विचार केल्यावर चित्र बाजूस ठेवणे आम्हांस भाग पडले. तो विद्यार्थी हिरमुसला. पालक-सभेच्या दिवशी त्याचे वडील भेटले. ते त्याच वसाहतीतील एका ओतकामाच्या कारखान्यात काम करतात. त्यांनी सरळ विचारले, “सर, पोरानं स्वतःच्या हातानं काढलंय. कुठनं छापून आणल्यालं नाही. मग ते दुसऱ्याचं कसं काय?”

प्रश्न असा होता की, त्याचे उत्तर दोन वाक्यांत देणे आम्हांस जमले नाही. ते येथे सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

उत्तराचा आरंभ त्यांच्याच कारखान्यापासून करणे सोयीचे होईल. कोल्हापुरास ओतकामाचा धंदा नवा नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि आता कागल-हातकणंगले, असा तो वाढत आला आहे. आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांची घरे त्यावर चालतात. मोटारगाडीच्या इंजिनाचा एखादा भाग ओतावयाचा असेल तर गिऱ्हाईक कंपनी त्याचे ड्रॉइंग पाठविते. त्यावरून लाकडाचा किंवा धातूचा पॅटर्न बनतो. पॅटर्नवरून वाळूत साचा पडतो आणि साच्यात तापलेला रस ओतला जातो. पॅटर्न कारखान्याच्या फळीवर असला तरी पुष्कळदा तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. त्यावर त्याचे नाव व क्रमांक घातलेला असतो, आणि त्या पॅटर्नवरून दुसऱ्या कोणासाठी एकही नग ओतता येत नाही. ज्याने घामाघूम होऊन रस ओतला, त्यास मजुरी मिळते. त्या वस्तूच्या आकारावर त्याचा हक्क नसतो. हा व्यवहार सर्वांस ठाऊक आहे व त्याविषयी कोणी तक्रारही करीत नाही.

आता वाचकांनी असे समजावे की, चित्रकथेतील वीर हा असाच एक पॅटर्न आहे. स्पायडर-मॅनचा मुखवटा, त्यावरील जाळ्याच्या रेषा, छातीवरील कोळी, त्याचे नाव, त्याच्या चुलत्याच्या मृत्यूची कथा, हे सर्व मिळून एक साचा होतो आणि त्या साच्यास धनी आहे. आमच्या विद्यार्थ्याने हात स्वतःचा वापरला, रंग स्वतःचे वापरले; पॅटर्न मात्र दुसऱ्याचा होता. घरी सरावासाठी त्याने तसे शंभर स्पायडर-मॅन काढले तरी कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही. छापून लोकांत वाटावयाचे म्हटले म्हणजे प्रश्न उभा राहतो. त्याच वसाहतीत कापडाचेही कारखाने आहेत. लहान मुलांच्या सदऱ्यावर हे चित्र कायदेशीरपणे छापावयाचे तर धन्याचा लेखी परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा मोबदला द्यावा लागतो. जत्रेत विकले जाणारे मुखवटे असा परवाना घेऊन निघतात असे आम्हांस वाटत नाही, पण तो विषय वेगळा.

येथपर्यंत लोखंड आणि कथा ह्यांचा मार्ग एकच आहे. पुढे तो फुटतो. इंजिनाचा भाग ओतून दिला की व्यवहार संपला. कथेतील वीर मात्र जन्मल्यावर ऐंशी-नव्वद वर्षे कमाई करीत राहतो. आणि ती कमाई कोणाकडे जाते, ह्यावरून त्याची कथा पुढे कशी वळणार हे ठरू लागते.

ह्या साऱ्याची सुरुवात अमेरिकेत झाली. जेरी सीगल व जो शुस्टर हे दोन तरुण क्लीव्हलंड शहरात राहत. एक लिही, दुसरा चित्रे काढी. त्यांनी ‘सुपरमॅन’ नावाचा वीर निर्माण केला. वृत्तपत्रांस ती पट्टी विकण्याचा त्यांनी कित्येक वर्षे यत्न केला, पण कोणी घेईना. अखेर १९३८ साली एका मासिकाच्या प्रकाशकाने पहिली तेरा पाने १३० डॉलरांस घेतली आणि त्याबरोबर त्या वीराचे सर्व हक्क लिहून घेतले. जून १९३८ ह्या तारखेच्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन प्रकटला व पाहता पाहता त्याचे नाव घरोघर झाले. दोघांस काम व पगार मिळत राहिला, परंतु वीर त्यांचा राहिला नाही. १९४७ साली ते कोर्टात गेले. पुढच्या वर्षी तडजोड झाली, काही रक्कम मिळाली, आणि त्यांची नावे चित्रकथेवरून निघाली. पुढे त्यांची परिस्थिती फार हलाखीची झाली. शुस्टरची दृष्टी मंद झाली होती. १९७५ साली सुपरमॅनवर मोठा चित्रपट काढण्याची तयारी चालू असता ही हकीकत वृत्तपत्रांतून गाजली, तेव्हा त्या वेळच्या धनी कंपनीने, म्हणजे वॉर्नरने, दोघांस प्रत्येकी वर्षास २०,००० डॉलर देण्याचे मान्य केले व त्यांची नावे पुन्हा छापण्याचे कबूल केले. चित्रपट १९७८ साली आला. सुपरमॅनच्या कथेवर आज जी त्यांची नावे दिसतात, ती अशी सत्तावीस वर्षांनी परत आलेल्या माणसांची नावे आहेत.

ह्यावरून प्रकाशक म्हणजे लुटारू असा अर्थ काढणे सोपे आहे. आम्हांस तो पुरता न्यायाचा वाटत नाही. जी कथा कोणी घेत नव्हते ती त्यानेच छापली. कागद, यंत्रे, गाडीभाडे, न विकलेल्या अंकांचा तोटा, हे सर्व त्याच्या अंगावर होते. भांडवल लावणाऱ्यावाचून कला उभी राहत नाही, हे कोल्हापूरकरांस निराळे सांगावयास नको. कलामहर्षी बाबूराव पेंटर ह्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली तेव्हा गायिका तानीबाई कागलकर ह्यांनी द्रव्यसाहाय्य केले, म्हणून १९२० चा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आणि त्याच कंपनीत शिकलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर ह्यांनी १९२९ साली कोल्हापुरातच कुलकर्णी ह्यांच्या साहाय्याने ‘प्रभात’ काढली, तेव्हा कॅमेरा धरणारे, पडदे रंगविणारे हातच कंपनीचे मालक झाले. ‘प्रभात’च्या चित्रपटांस जो एक घरंदाजपणा आहे त्याचे श्रेय आम्ही ह्या गोष्टीस देतो. अमेरिकेतील चित्रकथेच्या धंद्यात असे घडावयास फार काळ लागला. १९९२ साली नाव झालेल्या काही चित्रकारांनी मोठ्या कंपनीतून बाहेर पडून ‘इमेज’ नावाची स्वतःची संस्था काढली आणि निर्माण केलेला वीर निर्मात्याचाच राहील, असा नियम केला.

परंतु आमचा मुख्य विषय पैशाच्या वाटणीचा नाही. धनी बदलला की कथा कशी बदलते, हे पाहावयाचे आहे. आणि मुलांस ज्या गोष्टी कोड्यासारख्या वाटतात त्यांचा उलगडा तेथेच होतो.

पहिले कोडे असे की, हे वीर म्हातारे का होत नाहीत? स्पायडर-मॅन १९६२ च्या ऑगस्टच्या अंकात प्रथम आला, तेव्हा शाळेत जाणारा मुलगा होता. त्या वर्षी जे वाचक त्याच्या वयाचे होते त्यांस आज नातवंडे असतील. १९८७ साली कथेत त्याचे लग्न झाले. वीस वर्षे संसार चालला. मग संपादकांस असे वाटू लागले की, संसारी माणसात तरुण वाचकांचे मन रमत नाही. आणि २००७ साली एका कथेत ते लग्न झालेच नव्हते अशी व्यवस्था करण्यात आली! कोणी मेले नाही, घटस्फोट झाला नाही. केवळ सर्वांच्या स्मरणातून लग्न पुसले गेले. पुष्कळ जुने वाचक ह्यावर रागावले. आमच्या मते त्यांचा राग रास्त होता, कारण ज्या गोष्टीचा परिणाम धन्याच्या इच्छेने केव्हाही मागे घेता येतो, तिच्यात जीव गुंतविणे वाचकास कठीण जाते. सुपरमॅनचे मरणही असेच. १९९२ च्या अखेरीस तो मेला, वृत्तपत्रांत बातम्या आल्या, तो अंक घेण्यासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. दुभती गाय कोणी कसायास देत नाही.

दुसरे कोडे आमच्या वर्गातील मुलांनी कितीदा तरी घातले आहे. एकाच कंपनीचे वीर सर्वांच्या चित्रपटांत एकत्र का येत नाहीत? ह्याचे उत्तर समजण्यास सावकारी व्यवहाराची थोडी माहिती उपयोगी पडते. स्पायडर-मॅन व इतर शेकडो वीर ज्या मार्वल कंपनीचे, ती १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. शेतकऱ्याची ओढगस्त झाली म्हणजे तो एकेक वावर गहाण टाकतो किंवा खंडाने देतो. मार्वलनेही त्या दशकात आपल्या वीरांचे चित्रपटाचे हक्क निरनिराळ्या कंपन्यांस दिले. ‘एक्स-मेन’ हा वीरांचा संघ फॉक्सकडे गेला, स्पायडर-मॅन सोनीकडे. छापील चित्रकथेत हे सर्व वीर एकाच शहरात राहत व एकमेकांस भेटत. पडद्यावर त्यांच्यामध्ये कोर्टाच्या कागदांची भिंत उभी राहिली.

ह्या भिंतीचा एक नमुना मजेदार आहे. क्विकसिल्व्हर नावाचा एक वेगवान वीर दोन्ही संघांच्या कथांत येत असल्यामुळे त्याच्यावर दोन कंपन्यांचा हक्क निघाला. २०१४ साली फॉक्सच्या चित्रपटात तो एका नटाने केला आणि २०१५ साली मार्वलच्या चित्रपटात दुसऱ्या नटाने. वर आणखी असे की, मार्वलच्या चित्रपटात त्यास ‘म्युटंट’, म्हणजे जन्मतःच निराळी शक्ती घेऊन आलेला, असे म्हणता येईना. कारण पडद्यापुरता तो शब्दच फॉक्सच्या वाट्याचा होता. तेव्हा त्याच्या शक्तीसाठी निराळे कारण रचावे लागले. म्हणजे वीराचा जन्मही वकिलाच्या सल्ल्याने ठरला.

खंडाने घेतलेली जमीन पड ठेवली तर ती परत जाण्याचे भय असते. ह्या हक्कांचेही तसेच होते. ठराविक मुदतीत चित्रपट काढला नाही तर हक्क मूळ धन्याकडे परत. ‘डेअरडेव्हिल’ हा आंधळा वीर अशाच रीतीने फॉक्सकडून मार्वलकडे परतला. २००२ पासून २०१७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत सोनीने तीन नटांकडून स्पायडर-मॅन करविला. त्यांपैकी दुसऱ्या वेळी, २०१२ साली, तीच जन्मकथा, तोच चुलत्याचा मृत्यू पुन्हा प्रेक्षकांपुढे आला. “हे तर आम्ही पाहिले आहे” असे जे मुले तेव्हा म्हणाली, त्यांस हे जमिनीचे गणित कोणी सांगितले नव्हते.

इकडे मार्वलने २००५ साली एक साहस केले. स्वतःच चित्रपट काढावयाचे ठरवून एका मोठ्या पेढीकडून ५२ कोटी ५० लक्ष डॉलरपर्यंतचे कर्ज मिळविले, आणि तारण म्हणून आपल्या दहा वीरांचे चित्रपटाचे हक्क लिहून दिले. चित्रपट पडले असते तर ते वीर पेढीकडे गेले असते. २००८ साली ‘आयर्न मॅन’ निघाला आणि कंपनीचे नशीब उघडले. पुढच्याच वर्षी डिस्ने कंपनीने सुमारे चार अब्ज डॉलरांस मार्वल विकत घेण्याचा करार केला. २०१५ साली सोनी व मार्वल ह्यांचा समेट होऊन २०१६ च्या चित्रपटात स्पायडर-मॅन इतर वीरांबरोबर दिसला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो समेट मोडल्याची वार्ता आली, सप्टेंबरात पुन्हा जुळला. त्याच वर्षी डिस्नेने फॉक्सचा चित्रपटविभागच विकत घेतला व एक्स-मेन घरी परतले. आज स्थिती अशी आहे की, स्पायडर-मॅनचा चित्रपट सोनीचा. त्याची चित्रकथा आणि त्याच्या चित्राची दप्तरे, डबे व खेळणी ह्यांचे हक्क डिस्नेच्या घरचे. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रातील तो लोंबकळणारा वीर इतक्या लोकांच्या धाग्यांवर लोंबकळत आहे!

हे सर्व समुद्रापलीकडचे झाले, असे पालक म्हणतील. पण आमच्या पालकांपैकी पुष्कळांच्या बालपणी जो वीर त्यांच्या दप्तरात असे, तोही समुद्रापलीकडूनच आला होता. वेताळ! मुखवटा घातलेला, कवटीच्या गुहेत राहणारा, ज्याच्या अंगठीचा ठसा गुंडांच्या हनुवटीवर कायमचा उमटे, तो वेताळ कोणाच्या मराठी बालपणात नव्हता? त्याचा निर्माता ली फॉक हा अमेरिकन. वेताळाची पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ पासून तेथील वृत्तपत्रांत सुरू झाली, आणि ती किंग फीचर्स नावाच्या संस्थेच्या मालकीची होती. मुंबईच्या बेनेट, कोलमन कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनी, मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढून ती इंग्रजी, हिंदी, मराठी व इतर भाषांत आणली. वृत्तपत्रातील रोजच्या तीन-चार चौकटी पुस्तकाच्या पानांत बसवावयाच्या म्हणून काटछाट होई. नावेही बदलली. मूळ कथेतील वेताळाच्या देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते, ते येथे ‘डेंकाली’ झाले; समुद्री चाच्यांच्या टोळीचे ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ झाले; पहिल्या वेताळाच्या पित्याचा मारेकरी मुळात ‘रामा’, तो येथे ‘रामालू’ झाला. वाचकांच्या भावना दुखावू नयेत हा हेतू उघड आहे, आणि तो बदल शहाणपणाचाच होता असे आम्ही म्हणू. परंतु धन्याच्या सोयीने कथा बदलते, ह्याचे हे आपल्या घरचे उदाहरण होय.

वेताळाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र वेगळी घडली. मालकी संस्थेची असली तरी लेखणी ली फॉकच्या हाती राहिली, व १९९९ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत राहिली. एका माणसाने त्रेसष्ट वर्षे एकच वीर लिहिला! म्हणून वेताळाचे लग्न झाले, त्यास जुळी मुले झाली आणि ते सर्व तसेच टिकले. एक वेताळ मेला की त्याचा मुलगा मुखवटा चढवितो, ह्या कल्पनेमुळे मरणही कथेत मुरले. तांबड्या-निळ्या वीरांस हे भाग्य लाभले नाही.

इंद्रजालने स्वतःचाही एक वीर घडविला. १९७६ साली आबिद सुरती ह्यांनी ‘बहादूर’ निर्माण केला. गोविंद ब्रह्मणिया ह्यांनी त्यास रूप दिले. मुखवटा नाही, अतिमानवी शक्ती नाही, अंगात भगवा कुर्ता, खाली निळी विजार, आणि समोर दरोडेखोर. हा आपल्या मातीचा वीर होता. परंतु १९९० साली चालकांनी इंद्रजाल बंद केले, तेव्हा परका वेताळ दुसऱ्या प्रकाशकांकडे जाऊन पुन्हा छापला गेला. बहादूरचा आधार मात्र तुटला. ज्याचे घर जगभर आहे त्यास एक दार बंद झाल्याचे काही वाटत नाही. ज्यास एकच घर, तो रस्त्यावर येतो.

इंद्रजालच्या उभारणीत काम केलेले अनंत पै ह्यांनी तेथून बाहेर पडून १९६७ साली इंडिया बुक हाउसच्या साहाय्याने ‘अमर चित्र कथा’ सुरू केली, हे सर्वांस माहीत आहे. तिच्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक असे मराठी हात होते. ती संस्थाही २००७ साली नव्या मालकांकडे गेली. मुळीक ह्यांनीच पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी ‘नागराज’ रेखाटला, तो १९८६ च्या सुमारास. पण त्या वीराचे मालक प्रकाशकाचे कुटुंब. अलीकडे त्या घरातील भावांनी आपापल्या नावाच्या स्वतंत्र संस्था काढल्या आणि एकाच नागराजाच्या कथा एकाहून अधिक घरांतून निघू लागल्या. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावलेल्या आम्ही पाहिल्या आहेत; वीराच्या पाळ्या लागलेल्या प्रथमच पाहत आहो.

आणखी एका वीराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईस शिष्यवृत्तीवर शिकावयास आलेला मुलगा. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन व जीवन कांग ह्यांनी मार्वलच्या परवान्याने हा भारतीय स्पायडर-मॅन रचला. त्यास शक्ती मिळते ती कोळी चावल्याने नव्हे, तर एका योग्याच्या कृपेने. आणि तो धोतराच्या वळणाचा पोशाख घालून मुंबईच्या इमारतींवरून झेपावतो. चार अंक निघाले आणि थांबले. एकोणीस वर्षांनी, २०२३ साली, सोनीच्या एका रंगचित्रपटात तो अचानक पडद्यावर आला, आणि तो चित्रपट मराठीतही बोलला. आमच्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. ह्या मुंबईकर मुलाची कल्पना येथील डोक्यांतून निघाली. पण पॅटर्न मार्वलचा असल्यामुळे त्याने पुन्हा केव्हा यावे, हे मुंबईत ठरत नाही.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्यांस आम्ही जे सांगितले ते इतर पालकांच्याही उपयोगी पडेल. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याचे सतरावे कलम असे की, चित्र काढणाराच सामान्यतः त्याचा पहिला धनी. मात्र नोकरीत, नोकरीचे काम म्हणून काढले असेल व उलट करार नसेल, तर धनी मालक. वृत्तपत्र व मासिके ह्यांच्या नोकरांसाठी ह्यात एक सवलत आहे: मालकाचा हक्क नियतकालिकांत छापण्यापुरता, बाकीच्या सर्व बाबतींत हक्क लेखकाचा किंवा चित्रकाराचा. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीने द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर कायदा तो पाच वर्षांचाच धरतो, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरताच. सत्तावन्नावे कलम तर असे सांगते की, हक्क विकून टाकला तरी ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि आपल्या कृतीची विटंबना थांबविण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने काढून मोडतोड करून ठेवले, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सेहगल ह्याच कलमाच्या आधारे लढले, व २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, पैसे चुकते झाले होते, तरीही. सीगल व शुस्टर ह्यांस १९३८ साली असे कलम मिळाले असते तर त्यांची नावे इतकी वर्षे पुसली गेली नसती.

एवढे ऐकून घेतल्यावर ते गृहस्थ जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या पोरानं त्याचा सोताचा पॅटर्न करायला पायजे.” ह्याहून नेमके आम्हांस सांगता आले नसते.

विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे चित्र घेऊन आला. पार्श्वभूमी तीच, शेड त्याच. पण त्यांमधून चालत येणारा माणूस निराळा. अंगात जाड चामडी झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात लांब दांड्याची पळी, आणि पळीतील तांबड्या रसाचा प्रकाश अर्ध्या चेहऱ्यावर पडलेला. खाली नाव लिहिले होते, ‘ओतारी’. कागदाच्या पाठीवर शिसपेनने त्याचे पूर्ण नाव, तारीख व साल घातलेले होते. वडिलांनी ते घालावयास लावले, असे त्याने सांगितले. तेच चित्र ह्या अंकाच्या मुखपृष्ठावर आहे. आम्ही ते एकदाच छापण्याची लेखी परवानगी त्याच्या वडिलांकडून घेतली आहे व मूळ चित्र परत केले आहे.

अंक छापखान्यात जाण्यापूर्वी त्याच्याच वर्गातील एक विद्यार्थी आमच्याकडे आला. ओतारीची पुढची गोष्ट आपण लिहावी काय, असे तो विचारीत होता. त्यास आम्ही आधी चित्रकाराची परवानगी आणावयास सांगितले. मधल्या सुट्टीत ती त्याला मिळाली. अट एकच, ओतारीस म्हातारा होऊ द्यावयाचे.